द्वारकाबाई हजर नसल्याची बखर

॥ श्री ॥ उंबरठ्यास नमन, कडीकोयंड्यास नमन, आणि ज्या वास्तुपुरुषाने प्रसन्न व्हावे की न व्हावे हे हल्ली दरबारातून ठरते, त्या वास्तुपुरुषासही, रीत म्हणून, नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार, ते दिवशी एका बाईचे नाव भर दरबारात तीन वेळ पुकारिले आणि बाई तिसऱ्या बाकावर बसल्या असता हजर नाहीत ऐसे दप्तरी नमूद जाहले, त्याची ही हकीकत. पुसणारे पुसतात की बसलेले माणूस गैरहजर कसे. तर त्याचे उत्तर एका वाक्यात येत नाही, मी दोनदा प्रयत्न केला, म्हणून मुळापासून लिहिते. कमीजास्त असेल ते वडीलधाऱ्यांनी पोटात घालावे. खोटे मात्र नाही.

त्या राज्याचे नाव सांगत नाही, कारण राज्ये सर्वत्र असतात आणि नाव सांगितले की नोटीस येते. त्या राज्यात पोफळे बिल्डिंग नामे इमारत, तीन मजले, जिना एक, आणि दुसरे मजल्यावर खोली क्रमांक नऊ हा किल्ला. किल्ला म्हणजे दहा बाय बारा. तटास पोपडे, बुरूज म्हणावा तर माळा, खंदक म्हणावा तर मोरी, आणि पश्चिमेस एक खिडकी, तीतून समोरील कौलांवरची मांजरे दिसत. पहिले किल्लेदार गणपतराव कोठावळे. हे लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवीत, आणि दम ऐसा की वरात चौक ओलांडी तोवर सूर तुटत नसे, परंतु लिहिता वाचता येत नव्हते. शके एकोणीसशेमध्ये इमारतीचे धनी बळवंतशेट पोफळे यांजकडे ते खोली मागावयास गेले, आणि बळवंतशेट बोलिले, "अंगठ्यावर मी करार करत नाही गणपतराव. अंगठा काय, झोपलेल्या माणसाचाही उठतो. सही करणारं माणूस आणा." तेव्हा गणपतरावांनी क्षणाचाही विचार न करिता सांगितले, "माझी द्वारका सही करते. सातवी पास आहे." मग द्वारका, वय वर्षे एकोणीस, आईवेगळी एकुलती लेक, दोन वेण्या घालून गेली आणि करारावर सही केली, आणि त्या सहीतील द्वा ऐसा काढिला की त्याच्या पोटात एक मोहरी ठेवावी. येणेप्रमाणे किल्ला क्रमांक नऊ द्वारका गणपत कोठावळे हिचे नावे जाहला, आणि हे ध्यानी ठेवावे, कारण पुढे कोणीच ठेविले नाही.

मग तीन वर्षांनी बाईंचे लग्न ठरले. नवरदेव यशवंतराव वाळिंबे, छापखान्यात खिळे जुळविणारे, माणूस गोड, परंतु गावात जागा नाही, रात्री छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्यांवर निजत. सबब ठरले की लग्नानंतर यशवंतरावांनी किल्ला नऊ येथेच राहावे. आता ऐका. किल्ला बाईंचा, करार बाईंचा, राहावयास आले ते नवरदेव, परंतु नाव बदलले ते बाईंचे. रीतच तैसी. पितळी ताटात तांदूळ पसरिले आणि यशवंतरावांनी अंगठीने त्यात शालिनी ऐसे लिहिले, आणि हात छापखान्याचा असल्याकारणे अक्षर ऐसे सुबक आले की मंडळी वाकून वाकून पाहती जाहली. द्वारका का नको ऐसे कोणी पुसिले, तेव्हा हसून म्हणाले, "आमच्यात एक द्वारकाआत्या होती, फार भांडायची." सर्वांनी पेढे खाल्ले. तेथून शालिनीची शालन जाहली, शालनची शालनताई, मग शालनकाकू, साड्यांस फॉल लावून देणाऱ्या, टाका ऐसा की दिसत नाही. द्वारके म्हणून हाक मारणारे एकटे गणपतराव उरले, आणि चार वर्षांनी तेही गेले, आणि ते नाव त्यांजबरोबर गेले. शिधापत्रिकेवर शालिनी, मतदार यादीत शालिनी, आधार कार्डावर शालिनी यशवंत वाळिंबे, आणि एका करारावर मात्र द्वारका. दोन नावांची ही दोन दप्तरे चव्वेचाळीस वर्षे एकमेकांस न भेटता सुखाने नांदली. मध्यंतरी यशवंतरावही निवर्तले, लेकरूबाळ नव्हते, आणि बाई एकट्या किल्ला राखून राहिल्या.

बळवंतशेटांस हे सारे ठाऊक होते, परंतु ते वारले, आणि नातू निहारशेट गादीवर आले. निहारशेटांची मसलत ऐसी की इमारत पाडावी आणि तेथे काचेची उभी करावी. त्यांनी जुनी दप्तरे काढिली, आणि पाहतात तो करारावर कोठावळे आणि दारावरील पाटीवर वाळिंबे. त्यांचे वकील हुपरीकर म्हणजे बुद्धीचा केवळ अडकित्ता. त्यांनी दरबारात दावा गुदरला की द्वारका नामे भाडेकरीण कैक वर्षांमागे जागा सोडून गेली, भाडेकरू राहत नाही तर जागा धन्याची, आणि हल्ली तेथे कोणी शालिनी नामे परकी बाई शिरून बसली आहे, तरी किल्ला रिकामा करून मिळावा. आता हे निहारशेट लहानपणी आजोबांचे बोट धरून गणपतीच्या आरतीस येत, आणि शालनकाकूंच्या हातची करंजी दोन्ही खिशांत भरून नेत. परंतु करंजी देणारीचे नाव काय हे कोणते मूल पुसते.

श्रावणात दरबारचे बेलिफ सोनटक्के, म्हणजे घरोघर हुकूम पोचविणारे, काखेत पिशवी मारून आले. आमच्या इमारतीचा एक कायदा होता, कोणी लिहिलेला नव्हता पण सर्वांस पाठ होता, की पिशवीवाला माणूस कागद पाहून पूर्ण नावाने कोणास विचारील तर त्यास काही एक सांगू नये. गॅलरीत पारूकाकू खिलारे, नऊच्या शेजारी आठमध्ये राहणाऱ्या, मेथी निवडीत बसल्या होत्या. सोनटक्के बोलिले, "द्वारका गणपत कोठावळे कुठं राहतात?" पारूकाकू मान वर न करिता म्हणाल्या, "कोण नाही." "खोली नऊ लिहिलंय." "नऊत शालनकाकू आहेत. द्वारका-बिरका कोणी नाही इथं. चाळीस वर्षं राहतोय आम्ही." तेव्हा जिन्यात एक मुलगी भूगोलाचे पुस्तक घेऊन बसली होती, ती कोणी न विचारता म्हणाली, "पोफळे बिल्डिंग अजून एक आहे, मागच्या गल्लीत. तिकडे बघा." ती मुलगी मी. मागच्या गल्लीत खरेच एक पोफळे बिल्डिंग आहे, म्हणून ते दिवशी मी स्वतःस बहुत हुशार समजले. सोनटक्क्यांनी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिले, सदर नावाची बाई येथे राहत नाही ऐसे शेजाऱ्यांनी सांगितले, खाली आम्हां दोघींची वाक्येही उतरविली, आणि एक प्रत नऊच्या दारास चिकटवून गेले. बाई साड्या पोचवून आल्या, चष्मा लाविला, वाचिले, आणि उंबरठ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "अगं, ही मीच की." पारूकाकूंच्या हातची मेथी खाली पडली. "तुम्ही द्वारका? चाळीस वर्षांत एकदा तरी बोलायचं." तेव्हा बाई म्हणाल्या, "कोणी विचारलंच नाही गं."

पूर्वीच्या काळी वकील म्हणजे धन्याचे म्हणणे घेऊन परमुलखी जाणारा आणि वेळ पडल्यास मान देणारा. बाईंनी केले ते वकील गुळवणी हे मान देणारे नव्हते, डोलावणारे होते. एके दिवशी तीन तीन दरबारांत त्यांची कामे असत. बाईंचे सारे ऐकले न ऐकले, कागदांवर खुणेच्या फुल्या मारिल्या तेथे सह्या घेतल्या, आणि बोलिले, "मावशी, काही अवघड नाही. तुम्ही फक्त वेळेवर येऊन बसा. नाव पुकारलं की उभ्या राहा. बाकी मी बघतो." कोणते नाव, हे ते सांगते जाहले नाहीत, आणि आम्हीही पुसिले नाही.

मग ती पंचमी, मंगळवार. बाई, पारूकाकू, आणि पोट दुखते ऐसे शाळेत कळवून मी, सकाळी दहा वाजता दरबारी दाखल जाहलो. दाराबाहेर त्या दिवशीच्या कामांची यादी चिकटविली होती. कामे त्रेसष्ट. दरबाराची रचना ऐसी की पुढे पंख्याखाली खुर्च्या, त्या वकिलांच्या, आणि मागे तीन बाक, ते ज्यांची घरे जाणार त्यांचे, आणि बाकांवर न मावणारी मंडळी भिंतीस लागून उभी, कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी काठी घेऊन. घरांचे धनी मात्र येत नाहीत, त्यांस यावे लागत नाही. धन्यांचे वकील पुकारा करणाऱ्या चोपदारास नावाने ओळखतात, "काय कांबळे, पोरगी पास झाली का?" ऐसे पुसतात, आणि तोच चोपदार वळून मागील मंडळीस म्हणतो, "फोन बंद. बोलू नका. भिंतीला टेकू नका, रंग निघतो. दारात थांबू नका. आत जागा नाही." म्हणजे उभे कोठे राहावे हा प्रश्न त्या मंडळीस घरीच नव्हे तर तेथेही होता. कामे इंग्रजीत चालतात आणि मटारची एक शेंग सोलून व्हावी इतक्यात संपतात. आमचे पुढे एक आजोबा होते, त्यांचे नाव पुकारिले, ते उभे राहीतो दोन्ही वकील बोलून मोकळे जाहले. आजोबांनी चोपदारास पुसिले, "माझं काय झालं?" चोपदार म्हणाला, "झालं." "म्हणजे काय झालं?" "झालं तुमचं आजोबा. बाहेर व्हा." आजोबा बाहेर जाहले. मी प्रथम हसले, मग माझे मला बरे वाटले नाही.

न्यायासनी एक बाईसाहेब होत्या. त्यांच्या दारावरील पाटी मी मुद्दाम वाचिली. आडनावे दोन, माहेरचे आणि सासरचे, मध्ये छोटी रेघ, दोन्ही पितळेच्या अक्षरांत. मला बहुत आनंद जाहला. मी बाईंच्या कानात म्हटले, "काकू, यांना कळेल तुमचं." बाईंनी माझा हात दाबिला.

साडेअकराचे सुमारास चोपदाराने यादीवर बोट ठेविले आणि एका दमात पुकारिले, "द्वाकाबाय गंपत कोठाळे, द्वाकाबाय गंपत कोठाळे, द्वाकाबाय गंपत कोठाळे." मी बाईंच्या शेजारी होते. नऊच्या दारास चिकटविलेला कागद मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी माझे कान शालिनी वाळिंबे ऐकावयास बसले होते, तैसेच पारूकाकूंचे. बाईंनी मात्र मान वर केली. मान वर केली आणि दाराकडे पाहिले, जणू कोणी ओळखीचे येत आहे, आणि कोणी आले नाही म्हणून पुन्हा मान खाली घातली. चोपदार बोलिला, "हजर नाही." हुपरीकर अर्धे उठून इंग्रजीत काही बोलिले, बाईसाहेबांनी लिहिले, आणि पुढील नाव पुकारिले. गुळवणी ते वेळी वरच्या मजल्यावरील दरबारात होते. आम्ही पुढेही दोन तास बसलो, आपले नाव आता येईल, मग येईल. पुढे बाई म्हणाल्या, "बाबांनी हाक मारल्यासारखं वाटलं. म्हटलं, मन आहे, म्हातारपणी मारतं हाका."

जेवणाचे सुटीपूर्वी गुळवणी धावत आले, यादी पाहिली, कपाळास हात लाविला आणि बाईंस पुढे नेले. बाईसाहेब बोलिल्या, "बाई, पुकारलं तेव्हा तुम्ही होतात कुठं?" "इथंच. तिसऱ्या बाकावर." "मग उठला का नाहीत?" बाई खरे तेच बोलिल्या, "नाव माझंच आहे साहेब. पण मला त्याची सवय राहिली नाही." मागे कोणी खुदखुदले. हुपरीकर उठले आणि ते वेळी मराठीत बोलिले, कारण मंडळीस समजावे ऐसे त्यांस वाटत होते. "आधार कार्डावर शालिनी आहे. नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र आहे का? लग्नाचा दाखला?" बाई म्हणाल्या, "तेव्हा दाखला कोण काढायचं? ताटात तांदूळ पसरून नाव लिहिलं होतं. शंभर माणसांनी बघितलं." "ते ताट आणलंय का मग?" दरबार हसला, भिंतीस न टेकता उभी असलेली मंडळीही हसली, ज्यांची घरे जावयाची होती तीही. बाईंस वाटले खरेच पुसताहेत. म्हणाल्या, "ताट आहे घरी. तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात केला." बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत, हे लिहिले पाहिजे. त्या बोलिल्या, "एकतर्फी हुकूम फिरवायचा अर्ज द्या. या दोन नावांची बाई एकच आहे, असा कागद आणा. वीस दिवस."

मग त्या वीस दिवसांत पोफळे बिल्डिंगीत जी धामधूम जाहली ती काय वर्णावी. पारूकाकूंनी ठरविले की पुन्हा चूक होणे नाही, बाईंस नावाची सवय लाविली पाहिजे. सकाळी दूध आले की आठमधून हाक, "द्वारकाबाई," आणि नऊमधून उत्तर, "हजर." नळ आला की हजर, जिन्यात हजर, साडी हातात असता मागून हळूच म्हटले तरी हजर. पहिले दोन दिवस बाई दचकत, मग हसू लागल्या, मग ऐसे जाहले की हाक मारण्यापूर्वीच वळून पाहू लागल्या. एके दिवशी फॉल लाविता लाविता स्वतःशीच म्हणाल्या, "द्वारका. बरं आहे की नाव. उगाच ठेवून दिलं होतं." आणि नवव्या दिवशी गणपतरावांच्या क्लॅरिनेटची पेटी उघडिली तो मखमलीखाली लग्नपत्रिका सापडली. यशवंतरावांनी आपले हाताने खिळे जुळवून छापलेली, चि. सौ. कां. द्वारका आणि चि. यशवंत, दोन्ही कुळांची नावे, तिथी, मुहूर्त, सर्व. द्वारकेचा नवरा यशवंत वाळिंबे, आणि शालिनी ही यशवंत वाळिंब्यांची बायको, आता बोला. मी तर शाळेत तीन जणींस सांगून टाकिले की आम्ही जिंकलो.

पुढील तारखेस चोपदाराने द्वाकाबाय म्हटले मात्र, गंपत तोंडातून निघण्याआधी बाई उभ्या राहून "हजर" बोलिल्या, आणि तो आवाज ऐसा की टंकलेखक थांबून पाहू लागला. चोपदारही हसला, माणूस वाईट नव्हता. पत्रिका पुढे ठेविली. पारूकाकूंस पिंजऱ्यात उभे केले, आणि शपथ घेऊन त्यांनी सांगितले की हीच बाई चाळीस वर्षे नऊमध्ये राहते, एक दिवस घर सोडलेले नाही. मग हुपरीकर उठले, बेलिफाचा कागद हाती घेतला आणि बहुत अदबीने पुसिले, "काकू, श्रावणात बेलिफ आला तेव्हा, द्वारका कोणी इथं नाही, असं तुम्हीच सांगितलं ना?" "सांगितलं, पण ते," "चाळीस वर्षं राहतोय, असंही म्हणालात?" "म्हटलं." "तर तेव्हा खोटं बोललात, की आत्ता?" पारूकाकूंनी पदर तोंडास लाविला. माझेही वाक्य त्या कागदावर होते, मागच्या गल्लीतील दुसरी पोफळे बिल्डिंग, एका मुलीने सांगितले ऐसे. ते वाचिले गेले. मी जमिनीकडे पाहत होते. फरशीवर एक टाचणी पडली होती, ती मला अजून दिसते.

मग हुपरीकरांनी पत्रिका उचलिली, आणि फाडतील की काय ऐसे मला वाटले, परंतु त्यांनी ती फुलासारखी धरिली. म्हणाले, "ही पत्रिका आमच्याच बाजूची आहे. द्वारका कोठावळे यांचं लग्न झालं, कबूल. लग्न झालेली मुलगी कुठं जाते? सासरी जाते. म्हणजे जागा सोडली. पुढं त्यांचं काय झालं, आम्हाला माहीत नाही. वारल्या असतील. टाकलं असेल. आणि मग यशवंतरावांनी दुसरी केली असेल. शालिनी. त्या या बाई." दरबार ते वेळी हसला नाही. गुळवणी कागद चाळू लागले, जणू उत्तर त्यात कोठे लिहिले असेल. बाईसाहेब बोलिल्या, "बाई, यावर तुमचं काय म्हणणं आहे?" बाई पत्रिकेकडे पाहत राहिल्या. यशवंतरावांनी जुळविलेले एक एक अक्षर. बाईसाहेब पुन्हा बोलिल्या, "बोला बाई." तेव्हा बाई बोलिल्या, परंतु इतके हळू की मागे मी होते म्हणून मला ऐकू आले. "मी माझी सवत कशी असेन?" टंकलेखकास ते पोचले नाही. त्याने लिहिले, उत्तर दिले नाही. मला उठून सांगता आले असते. मी उठले नाही, कारण बोलू नका ऐसे सकाळीच सांगितले होते, आणि मी तोवर बरेच बोलून बसले होते. बाईसाहेबांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला. म्हणाल्या, "मला तुमचं पटतंय, बाई. पण पटण्यावर हुकूम देता येत नाही. कागद नाही." अर्ज नामंजूर. किल्ला रिकामा करावयास एक महिना. त्या करारावरील सही आणि बाईंच्या हातची सही शेजारी ठेवून पाहावी, हे गुळवण्यांस सुचले नाही, दरबारास सुचले नाही, आणि मलाही सुचले नाही. वरच्या दरबारात जाता येते ऐसे गुळवणी जिन्यात बोलिले, आणि तेथून पुढे त्यांचा फोन लागला नाही.

माघ महिन्यात, सकाळचे दहा वाजता, तेच सोनटक्के तीच पिशवी घेऊन आले. बरोबर दोन पोलीस, दोन पंच, एक कुलूपवाला, आणि हुपरीकरांचा कारकून. सारी इमारत गॅलरीत जमा जाहली. बाईंनी आधीच शिलाई मशीन, गादीची वळकटी, क्लॅरिनेटची पेटी आणि ते पितळी ताट दाराशी आणून ठेविले होते. सोनटक्के कठड्यावर कागद ठेवून लिहू लागले, मग थांबले, आणि बाईंकडे पाहून हळू बोलिले, "बाई, नीट ऐका. हुकूम द्वारका कोठावळे यांच्यावर आहे. ताबा त्यांच्याकडूनच घ्यायचा. तुम्ही त्या नसाल, दुसऱ्याच कोणी असाल, तर मला आज कुलूप लावता येत नाही. अडथळा लिहून परत जावं लागतं. मग पुन्हा दरबार, पुन्हा तारखा. वर्ष जाईल, दोन जातील." हे ऐकताच हुपरीकरांचा कारकून लगबगीने पुढे जाहला आणि म्हणाला, "ह्याच द्वारकाबाई. आम्ही ओळखतो. लिहा तुम्ही." ऐका, मंडळी. ज्या धन्याने दाव्यात शपथेवर सांगितले की ही बाई द्वारका नव्हे, त्याचाच माणूस किल्ल्याच्या दारात सांगतो की हीच द्वारका. सोनटक्के त्याजवर डाफरले, "तुम्हाला नाही विचारलं. बाईंनी सांगायचं." पारूकाकू मागून कुजबुजल्या, "शालिनी सांगा. शालनकाकू, शालिनी म्हणा." मीही म्हटले. सारी गॅलरी ओठांनी तेच नाव हलवीत होती. सोनटक्क्यांनी पेन हातात धरून पुसिले, "नाव काय आपलं?"

बाईंनी पदर खांद्यावरून घेतला. आत एकदा वळून पाहिले, खिडकीकडे. मग म्हणाल्या, "द्वारका गणपत कोठावळे. हजर."

सोनटक्क्यांनी ते नाव कागदावर उतरविले. पारूकाकू रडत म्हणाल्या, "अहो, काय केलंत हे?" बाई म्हणाल्या, "एकदा हाक मारली तेव्हा उठले नाही गं पारू. आता परत नाही तसं करायचं." मग त्यांनी सही केली. द्वा ऐसा काढिला की त्याच्या पोटात एक मोहरी ठेवावी. कारकुनाच्या हाती दाव्याचे कागद होते, त्यांत कराराची नक्कल वर होती, आणि मी दोन्ही सह्या एकाच वेळी पाहिल्या, रेघेला रेघ. आता पाहून उपयोग काय. सोनटक्क्यांनी पंचनामा वाचून दाखविला की सदर द्वारकाबाई या जागेत राहत असलेल्या मिळून आल्या, व त्यांजकडून शांततेने ताबा घेतला. कुलूप लागले. निहारशेट आले नव्हते.

एवंच, लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षे किल्ल्यात राहून बाई राहत नव्हत्या ऐसे दरबाराने ठरविले, आणि त्या राहत होत्या याचा दरबारी दप्तरातील कागद एकच, ज्या कागदाने त्यांस बाहेर काढिले तो. बाई हल्ली नदीपलीकडे पारूकाकूंच्या बहिणीच्या पोटमाळ्यावर असतात, फॉल लावितात, आणि दारावर खडूने द्वारका ऐसे लिहिले आहे. आमच्या इमारतीत खाली चुन्याच्या खुणा घातल्या आहेत, आमचीही तारीख लागेल. म्हणून मी मजल्यामजल्यावर जाऊन सर्व काकूंस त्यांची जुनी नावे विचारून वहीत लिहून घेत आहे. पारूकाकूंचे निघाले गोदावरी. तिसऱ्या मजल्यावरील काकू दहा मिनिटे आठवीत बसल्या. माझ्या आईने अजून सांगितलेले नाही, म्हणते, कशाला पाहिजे तुला. मी रोज विचारते.